फेअरला मराठीत काय म्हणतात?

आमच्या सोसायटीची नोटीस तीन भाषांत निघते. मुलुंड पूर्वेला मराठी माणूस आणि पश्चिमेला गुजराती माणूस, अशी रेल्वेच्या रुळांनी केलेली वाटणी पुष्कळांना मान्य आहे. पण आमच्या बिल्डिंगने ती कधीच मानली नाही. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. त्यांत नऊ मराठी, पाच गुजराती, एक तामिळ आणि एक कायमचं कुलूप. कुलपाची तक्रार कधीच नसते, पण बाकीच्या पंधरांना नोटीस आपापल्या भाषेत लागते. तामिळ गृहस्थ तिन्ही वाचतात आणि तिन्हींतल्या चुका काढतात.

इंग्रजी नोटीस सेक्रेटरी लिहितात, कारण ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना 'हियरबाय' हा शब्द योग्य जागी घालता येतो. गुजराती नोटीस चेअरमनभाई लिहितात. मराठी माझ्याकडे येते, कारण मी काहीतरी लिहितो अशी बिल्डिंगमध्ये वदंता आहे. वर्षानुवर्षं माझी ही वाङ्मयसेवा 'उद्या टाकी धुणार असल्याने पाणी जपून वापरावे' या एका वाक्यावर सुखेनैव चालली होती. टाकी मराठीत टाकी, गुजरातीत टांकी, आणि इंग्रजीत टँक. वादाला जागाच नाही.

पण उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तीन गोष्टी अटळ आहेत : जन्म, मृत्यू आणि पुनर्विकास. पैकी तिसऱ्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती मिळाली आणि सेक्रेटरींनी नोटीस लिहिली की, नव्या इमारतीतल्या जागांचं वाटप सर्व सभासदांना 'फेअर' होईल अशा रीतीनं करण्यात येईल. कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "दोनच ओळी आहेत. संध्याकाळपर्यंत द्या."

ती संध्याकाळ गेली. आणखी सात संध्याकाळी गेल्या. एक शब्द मुलुंड स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यासारखा मान हलवून नको म्हणत उभा होता.

"अहो, त्यात काय एवढं?" आमची ही म्हणाली. "फेअरच लिहा. सगळ्यांना कळतं."

कळतं खरं. पण काय कळतं? मी मोजायला बसलो. लग्नाच्या जाहिरातीतली मुलगी फेअर असते. तिथे फेअर म्हणजे गोरी. त्या रंगाचं एक क्रीम १९७५ साली बाजारात आलं आणि पंचेचाळीस वर्षं 'फेअर अँड लव्हली' या नावानं विकलं गेलं. २०२० साली कंपनीलाच वाटलं की त्यातला 'फेअर' काही फेअर नाही, तेव्हा त्याचं 'ग्लो' झालं. शाळेत एक रफ वही असते आणि एक फेअर वही. तिथे फेअर म्हणजे खाडाखोड नसलेली. पुस्तकांचं फेअर म्हणजे जत्रा. 'पेपर कसा गेला?' या प्रश्नाला 'फेअर' असं उत्तर आलं, तर बापानं ओळखावं की पोरगं काठावर आहे. आणि क्रिकेटमध्ये फेअर प्ले म्हणजे आपण हरल्यावर ज्याचा अभाव जाणवतो ते. गोरी, स्वच्छ, जत्रा, बरं आणि न्यायाचं! सोळा बिऱ्हाडांना 'तुमच्या जागांचं वाटप गोरं होईल' असं कळवण्यात अर्थ नव्हता.

मोल्सवर्थसाहेबांनी आरंभलेला आणि कँडीसाहेबांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. म्हणजे गेली पावणेदोनशे वर्षं तरी इंग्रजी शब्दांना मराठीत बसवण्याची खटपट छापील स्वरूपात चालू आहे. राज्य झाल्यावर १९६० साली सरकारनं भाषा संचालनालयच काढलं आणि आपले क्लार्क लिपिक झाले. फेअरच्या बाबतीत मात्र सरकारला आधीच एक शब्द सापडलेला होता. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं. इथल्या दुकानावर पाटी असते 'अधिकृत शिधावाटप दुकान'. पण बाकी महाराष्ट्रात त्याच दुकानाला म्हणतात 'रास्त भाव दुकान'. फेअर प्राइस शॉपचं हे भाषांतर. मला ते फार आवडतं. रास्त! शब्दातच एक सरळ उभा माणूस दिसतो. त्याच्यामागे तितकीच सरळ रांग दिसते, हा भाग वेगळा.

पण रास्त आहे फारसी. चेअरमनभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "आम्ही व्याजबी लिहिला." गुजरातीत वाजवीला व्याजबी म्हणतात. भावात व्याजबी आलं म्हणजे मुद्दल वेगळं द्यावं लागेल की काय, अशी शंका मला आली. पण गुजराती माणसाला व्याजावरून चिडवणं रास्त नाही म्हणून गप्प बसलो. शब्द आपलाच आहे. आणि आपला म्हणजे तो अरबी. न्याय घ्यावा तर तो संस्कृत, आणि इतका भारदस्त, की कोर्टाची पायरी चढल्यासारखं वाटतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी रास्त आणि वाजवी आपल्या जिभेवरून हलले नाहीत. म्हणजे पाहा, सचोटीनं वागायला आपण एक शब्द इराणातून आणला, एक अरबस्तानातून आणला, आणि आता इंग्लंडातून तिसरा. मराठी माणसाकडे घरचा म्हणून काही होतं की नाही?

या चिंतेत असताना भाचीचा फोन आला. माझ्या ताईची ही मुलगी इटलीत मिलान शहरात नोकरी करते आणि रविवारी मामाला फोन करते. मी तिला म्हटलं, "काय गं, तुमच्या इटालियनमध्ये फेअरला काय म्हणतात?"

"कुठल्या फेअरला?" ती म्हणाली. "मामा, इथे एका मेट्रो लाइनच्या शेवटच्या स्टेशनचं नावच रो फिएरा आहे. फिएरा म्हणजे तुझं ते जत्रेचं फेअर. इथलं मोठं प्रदर्शन तिथे भरतं."

मग तिनं मला सगळा संसार उलगडून दाखवला. जत्रेचं फेअर आणि न्यायाचं फेअर हे इंग्रजीत दिसायला जुळे असले, तरी मुळात त्यांचं नातं नाही. एक लॅटिनमधल्या सणाच्या दिवसावरून आलेलं, दुसरं जुन्या इंग्रजीतलं, आणि त्याचा मूळ अर्थ सुंदर. इटालियन माणूस न्यायाच्या फेअरला कधी 'जुस्तो' म्हणतो, कधी 'एक्वो'. पण जुस्तो म्हणजे बरोबर, आणि एक्वो म्हणजे समतोल. दोघांच्या मधोमध फेअर उभं असतं, ते हाती लागत नाही. मैदानावर ते लोक सरळ 'फेअर प्ले' म्हणतात. जर्मन माणसानं तर फेअर हा शब्दच उचलून आपला केला. मला एकदम बरं वाटलं. आपल्यासारखीच गत दुसऱ्याची आहे हे कळलं की मध्यमवर्गीय माणसाला प्रश्न सुटल्याइतकाच आनंद होतो.

"आणि रफ वही, फेअर वही?" मी विचारलं.

"तेही आहे. पक्क्या प्रतीला म्हणतात 'बेल्ला कोपिया', सुंदर प्रत. आणि कच्चीला 'ब्रुत्ता कोपिया', कुरूप प्रत."

आम्ही दोघंही हसलो. मग ती थोडा वेळ बोलली नाही. म्हटलं, लाइन गेली. पण लाइन होती.

"मामा," ती म्हणाली, "आईकडून ती सही घेतलीस ना, तिला कुठला शब्द घालशील?"

वाचकहो, इथवर हा निबंध एका शब्दाचा होता. आता मला थोडं घरचं सांगावं लागेल.

मुलुंडची ही जागा वडिलांची. ते गेले, तेव्हा आम्ही तिघं उरलो. आई, ताई आणि मी. आईचे गुडघे गेले. आमचा मजला तिसरा आणि लिफ्ट नाही. ताईचं घर बोरिवलीला, तळमजल्यावर. म्हणून आई तिच्याकडे राहायला गेली. कारण खरं होतं. पण खरं कारण सोयीचंही असलं, की माणूस ते जरा जास्त वेळा सांगतो. आई तिथे सहा वर्षं होती. शेवटची दोन अंथरुणावर.

मुलुंड आणि बोरिवली नकाशात पाहाल, तर शेजारी-शेजारी आहेत. मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. बिबट्या मनात आणील तर एका रात्रीत जाऊन येईल. माणसाला मात्र लोकलनं दादरला जाऊन, पूल चढून, पश्चिम रेल्वेची गाडी धरून, सगळं शहर खाली-वर करावं लागतं. मी महिन्यातून एकदा जात असे, आणि जाऊन आलो की पंढरपूरहून आल्यासारखं हिला सांगत असे.

आई गेल्यावर तीन महिन्यांनी मी हक्कसोडपत्र तयार करून घेतलं. आता हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. बापानं स्वतः मिळवलेल्या जागेत मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा, हे तेव्हापासूनचं आहे. मला ते माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही, कारण कागद मीच टाइप करून घेतला होता. पण बहिणीनं भावाच्या नावे हक्क सोडायचा, ही रीत कायद्यापेक्षा जुनी. कुणी सांगावं लागत नाही. आम्ही निबंधकाच्या कचेरीत गेलो, ताईनं सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि बाहेर येऊन मी तिला उडप्याकडे मसाला डोसा खाऊ घातला. डोशाचे पैसे मी दिले, ही गोष्ट मी पुढे पुष्कळ दिवस अभिमानानं लक्षात ठेवली होती.

ते फेअर होतं का? भाचीचा फोन ठेवल्यावर मी रीतसर तत्त्वज्ञानात शिरलो. संकटकाळी सुशिक्षित माणूस देवळात जातो किंवा वाचनालयात. तिथे कळलं, की या एका शब्दावर मोठमोठ्यांनी आयुष्यं घालवली आहेत. अमेरिकेतल्या जॉन रॉल्स नावाच्या प्राध्यापकानं 'न्याय म्हणजेच फेअरनेस' अशा अर्थाचा लेख १९५८ साली लिहिला आणि १९७१ साली त्याचा जाडजूड ग्रंथ केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : समाजाचे नियम ठरवताना आपण श्रीमंत होणार की गरीब, हुशार की मठ्ठ, हे आपल्याला ठाऊक नाही असं धरून चाला, म्हणजे नियम आपोआप फेअर होतील. मला ही कल्पना ओळखीची वाटली. लहानपणी एकच चिक्की असली, की आई म्हणायची, एकानं तोडायची, दुसऱ्यानं आधी उचलायची. तोडणाऱ्याला कुठला तुकडा मिळणार हे ठाऊक नसे, त्यामुळे तो सोनाराच्या काट्यानं तोडी. रॉल्ससाहेबांनी अख्खा समाज त्या चिक्कीवर बसवला.

मग अमर्त्य सेन यांचं २००९ सालचं पुस्तक सापडलं. त्यात तीन मुलं आणि एक बासरी आहे. एकाला ती वाजवता येते, दुसऱ्याकडे दुसरं खेळणंच नाही, आणि तिसऱ्यानं ती स्वतः बनवली आहे. बासरी कुणाला द्यायची? तिघांचंही म्हणणं खरं. आणि गंमत अशी, की हे इंग्रजी पुस्तक लिहिताना सेन यांना नीती आणि न्याय हे आपले दोन शब्द उचलावे लागले. नीती म्हणजे नियमाबरहुकूम. न्याय म्हणजे प्रत्यक्षात लोकांच्या वाट्याला काय आलं ते. आम्ही त्यांच्याकडे फेअर मागायला चाललोय, आणि ते आमच्याकडे न्याय मागताहेत!

आना व्हिएझबिट्स्का या मूळच्या पोलंडच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तर २००६ सालच्या पुस्तकात स्पष्टच मांडलं, की फेअरला इतर भाषांत नेमका जोड सापडत नाही. त्या बाईंचे आभार मानून मी पुस्तकं परत केली. कारण तोवर माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. शब्द नसला, तरी वस्तू होतीच.

मी नोकरीची तीस वर्षं मुलुंड ते व्ही.टी. अशी काढली. गाडी ठाण्याहून भरून यायची. आमचा आठ जणांचा ग्रुप. त्यात कसाबसा तिघांना बाक मिळायचा आणि चौथ्याला चौथी सीट, म्हणजे अर्धं अंग बाकावर आणि अर्धं रेल्वेच्या मालकीच्या हवेत. घाटकोपर आलं की बसलेले उठायचे आणि उभे असलेले बसायचे. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. 'ऊठ आता, तुझं झालं' एवढाच त्याचा कायदा. एखादा भांडुपलाच पेंगायला लागला आणि घाटकोपरला डोळे मिटूनच राहिला, तर बाकीचे सात जण एका सुरात म्हणायचे, "रडीचा डाव!" आणि एखाद्याचा पाय प्लास्टरमध्ये असला, तर तो व्ही.टी.पर्यंत बसे आणि कुणी घाटकोपर मोजत नसे.

रडीचा डाव! म्हणजे फेअरला मराठी शब्द नसेल, पण फेअर नसण्याला आहे. मी पुन्हा मोजायला बसलो. रडीचा डाव. डावं-उजवं करणं. दुजाभाव. सापत्नभाव. एकाला लोणी आणि दुसऱ्याला ताक. आणि या सगळ्यांवर वरताण असा शब्द, पंक्तिप्रपंच! एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. जावयाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्या पानात थेंब. आमच्या आजीच्या लेखी चोरीला प्रायश्चित्त होतं, पंक्तिप्रपंचाला नव्हतं.

माझी खात्री झाली, की आपला फेअरनेस पंगतीत शिकलेला आहे. इंग्रजाचा बहुधा मैदानावर. मैदानावर नियम दोघांना सारखा असला की झालं. पंगतीचं तसं नाही. तिथे एक जण चार पोळ्या खातो आणि एक जण नऊ, तरी अन्याय झाला असं कुणी म्हणत नाही. पोळ्या मोजायच्याच नसतात. वाढणाऱ्यानं पानाकडे पाहायचं, माणसाकडे नाही, इतकाच नियम.

हा शोध लागल्यावर मी फार खूश झालो आणि स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितला. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुमच्या पंगतीत वाढणाऱ्या बायका जेवायच्या कधी?"

मी म्हटलं, "मागाहून."

"उरलेलं?"

मी परत बाहेर येऊन बसलो. ती म्हणाली ते अर्धंच होतं. ज्यांना त्या पंगतीत बसूच दिलं जात नव्हतं, त्यांच्यापर्यंत तर आम्ही पोचलोही नव्हतो. पंक्तिप्रपंच नको म्हणणाऱ्यांनी आधी पंक्ती आखली होती, आणि कोण आत, कोण बाहेर, कोण पाटावर, कोण चुलीशी, हे ठरवून मग आतल्या आत समान वाढलं होतं. आमच्या घरच्या पंगतीत वडील, मी आणि पाहुणे. वाढायला आई आणि ताई. नंतर आईला भरवायला एकटी ताई. आणि वाटणीच्या वेळी पाटावर मी.

रविवारी मी दादरचा पूल चढलो.

ताईनं दार उघडलं आणि म्हणाली, "आज काय महिना लवकर भरला?" मग म्हणाली, "जेवायला बस." ताईचं घर हे असं आहे, की तिथे कुठलंही बोलणं पान मांडल्याखेरीज सुरू होत नाही. भरली वांगी होती. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "ताई, तेव्हा मी तुझी सही घेतली ना, ते..."

इथे पुन्हा तोच शब्द अडला. फेअर म्हणावं, तर तिच्यासमोर इंग्रजीत कबुली दिल्यासारखं. अन्याय म्हणावं, तर सिनेमातल्यासारखं.

"ते काय?"

"रास्त नव्हतं," मी म्हणालो.

"रेशनच्या दुकानासारखं काय बोलतोयस?" ताई म्हणाली. आणि हसली. आणि मग हसू पुसून टाकल्यासारखं करून माझ्यासमोर बसली.

"हे बघ बाळ," ती म्हणाली, "मी सही आनंदानं केली असती. मला जागा नको होती. तू विचारलंच नाहीस. कागद पुढे केलास आणि म्हणालास, 'इथे, इथे आणि इथे.'"

मला ते आठवलं. तसंच म्हणालो होतो. वर पेन्सिलीनं बारीक फुल्याही मारून ठेवल्या होत्या, तिला सोपं जावं म्हणून.

"आईचं सहा वर्षं केलं, त्याचं मी काही मोजत नाही," ताई म्हणाली. "आई माझीही होती. पण तू एकदा विचारायचं होतंस. ताई, काय करूया? एवढंच. तेवढ्यानं माझं पोट भरलं असतं." आणि भाजीचा चमचा उचलून म्हणाली, "आणखी वाढू?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. जन्मभर हा प्रश्न ऐकतोय. आईकडून, ताईकडून, हिच्याकडून. 'आणखी वाढू?' कितीही पोट भरलेलं दिसत असलं, तरी विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्यांना आमचं पोट विचारावंसं वाटलं. आम्हांला त्यांचं मन विचारावंसं वाटलं नाही. रॉल्ससाहेबांचा ग्रंथ मी पुरता वाचलेला नाही, पण मला वाटतं, समान वाटा ही पुढची गोष्ट. आधी दुसऱ्याला विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर आपल्या सोयीचं नसेल अशी तयारी ठेवून विचारायला हवं. तिथे फुल्या मारलेल्या नकोत.

"ताई," मी म्हटलं, "नवी जागा होतेय. काय करूया?"

"विचारतोयस?"

"विचारतोय."

"मग विचार करून सांगते," ताई म्हणाली. "तुझ्या बिल्डरला घाई नाही ना?"

परत येताना दादरच्या पुलावर मला हलकं वाटलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. विचारून बसल्यावर माणसाला भीती वाटते. ती अर्धा वाटा मागेल का? मागितला, तर देऊन टाकेन असं मी ठरवलं. ठाकुर्लीच्या मेव्हण्याला विचारावं असंही मनात आलं. मग मेव्हण्याला विचारायचं नाही असं ठरवलं. एवढा सगळा तात्त्विक प्रवास विक्रोळी ते नाहूर या टप्प्यात झाला.

दुसऱ्या दिवशी मी नोटीस लिहून दिली. 'नव्या जागांच्या वाटपात पंक्तिप्रपंच होणार नाही. प्रत्येक सभासदाला विचारूनच वाटप करण्यात येईल.'

सेक्रेटरींनी चश्मा वर सरकवला. "विचारून वगैरे ओरिजिनलमध्ये नाही."

"मला दुसरा शब्द सापडला नाही," मी म्हटलं.

चेअरमनभाईंनी पंक्तिप्रपंचावर बोट ठेवलं आणि दोन क्षणांनी त्यांचा चेहरा उजळला. "पंक्तिभेद! अमारामां पण छे," ते म्हणाले, आणि आपल्या नोटिशीतला व्याजबी खोडून तिथे पंक्तिभेद लिहायला बसले. तामिळ गृहस्थांनी तिन्ही वाचल्या आणि इंग्रजी नोटीस इतर दोन नोटिशींपेक्षा कमी सांगते, अशी लेखी हरकत घेतली. शेवटी सेक्रेटरींनी तीत 'आफ्टर कन्सल्टिंग ईच मेंबर' असं घातलं. भाषांतर पाहून मूळ दुरुस्त झाल्याचा माझ्या कारकिर्दीतला हा एकच प्रसंग.

विचारायला समिती घरोघर फिरते आहे. त्यामुळे काम लांबलं आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजींना कुणी आजवर काही विचारलं नव्हतं; त्यांनी सव्वा तास उत्तर दिलं. कायमच्या कुलपाच्या मालकाला पत्र गेलं आहे.

ताईचा विचार अजून चालू आहे. मी दर रविवारी जातो. ती जागेबद्दल बोलत नाही, मीही काढत नाही. काल भरताची पाळी होती. मी उठून तिचंही पान मांडलं आणि म्हटलं, "आधी तू बस." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "वाढता येतं का तुला?"

येत नाही. पहिलंच वाढप आमटी सांडून झालं. ही रफ वही समजा.